उसातील भुईमूग-हरभऱ्याची खोडकूज आणि ट्रायकोडर्माचे विरजण



उसाचे बिल हाती यायला लागणीपासून वर्ष-सव्वा वर्ष थांबावे लागते. आडसाली असेल तर त्याहूनही जास्त. घरखर्च मात्र रोजचा असतो. म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळ जण सुरू उसात भुईमूग, पूर्वहंगामी उसात हरभरा, आणि आडसालीत सोयाबीन किंवा भुईमूग घेतात. ऊस बांधणीला येईपर्यंत हे पीक निघते, खतामजुरीचा पैसा सुटतो, आणि शेंगवर्गीय पीक असल्याने जमिनीलाही नत्राचा घास मिळतो. उसाच्या सरीतले हे पीक म्हणजे घरच्या परसातली दुभती शेळी. मोठा व्यवहार नव्हे, पण अडीअडचणीला तीच धावून येते.

अशा पिकात महिना-दीड महिन्याची रोपे अचानक माना टाकू लागली, की शेतकरी हबकतो. काल टवटवीत होते, आज कोमेजले, परवा वाळले. आधी एक झाड, मग त्याच्या शेजारचे, मग ओळीत दोन-तीन हातांचा मोकळा खड्डा. गट कार्यालयात येऊन सभासद विचारतात, "साहेब, कुठलं औषध मारू?" या लेखात आम्ही या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. पण ते उत्तर फवारणीच्या पंपात नाही. ते पेरणीच्या आधी, बियाण्याच्या घमेल्यात आणि खताच्या ढिगात आहे. कसे, ते सविस्तर पाहू.

आधी रोग ओळखा

झाड वाळले म्हणजे "मर लागली" असे सरसकट म्हणायची आपल्याकडे रीत आहे. परंतु वाळण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणेही वेगळी. यास्तव वाळू लागलेले एक झाड मुळासकट उपटून हातात घ्या व नीट पाहा.

जमिनीलगत खोडाची मान तपकिरी होऊन कुजली आहे, तिच्यावर आणि भोवतालच्या मातीवर पांढऱ्या कापसासारखे तंतू पसरले आहेत, आणि त्या तंतूंत मोहरीच्या दाण्यांएवढे गोल गोल कण दिसताहेत, तर ही खोडकूज होय. हरभऱ्यात हिलाच मानकूज म्हणतात. हे कण सुरुवातीला पांढरे असतात, पुढे तपकिरी होतात. झाड ओढले तर पुष्कळदा मानेतूनच तुटून हाती येते.

खोड बाहेरून धड आहे, पण उभे चिरल्यावर आत काळपट-तपकिरी रेघ दिसते, तर ती खरी मर. ती फ्युजॅरियम नावाच्या बुरशीची.

मूळ कोरडे, ठिसूळ, बारीक उपमुळे झडलेली, मोडले तर कटकन तुटणारे, आणि हे सारे फुलोरा-घाट्यांच्या वेळी उन्हाचा ताव वाढल्यावर झालेले, तर ती कोरडी मूळकूज.

या लेखात आम्ही मुख्यत्वे पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे खोडकुजीविषयी बोलणार आहोत.

हा शत्रू जगतो कसा?

खोडकुजीच्या बुरशीचे नाव स्क्लेरोशियम रॉल्फसी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पी. एच. रॉल्फ्स या शास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये टोमॅटोवर हा रोग पाहिला, आणि त्यांच्याच नावावरून पुढे १९११ साली या बुरशीचे नामकरण झाले. ही बुरशी एका पिकाची वैरी नाही. भुईमूग, हरभरा, सोयाबीन, मसूर, टोमॅटो, मिरची अशा पाचशेहून अधिक वनस्पतींवर ती वाढते. म्हणजे "यंदा भुईमूग नको, सोयाबीन घेऊ" असे म्हटल्याने तिची उपासमार होत नाही.

तिची खरी ताकद त्या मोहरीसारख्या कणांत आहे. हे कण म्हणजे तिचे बियाणेच म्हणा ना! बाहेरून टणक कवच, आत शिदोरी. पीक निघाले, जमीन तापली, तरी हे कण मातीत काही वर्षे तग धरून राहतात. ओल मिळाली, हवा उबदार झाली, साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस, की ते पुन्हा रुजतात. कोरड्या जमिनीवर एकदम पाणी आले की त्यांना विशेष चेव येतो.

आता उसवाल्यांनी लक्ष देऊन ऐकावे अशी गोष्ट. कण रुजल्यावर ही बुरशी लगेच जिवंत झाडावर चढत नाही. आधी तिला वाटेत खायला काहीतरी लागते. अर्धवट कुजलेले पाचट, गळून पडलेली पाने, न कुजलेले शेणखत, मागच्या पिकाची धसकटे, यांवर ती पोसते, अंगात बळ आणते आणि मग खोडाच्या मानेशी जाऊन भिडते. तिथे ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते. त्या आम्लाने खोडाच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी ती आरामात खाते. म्हणजे आधी मारते आणि मग जेवते.

हे सारे जमिनीच्या वरच्या दोन-चार बोटांच्या थरात चालते, कारण या बुरशीला हवा भरपूर लागते. खोल गाडले गेलेले कण बहुधा रुजू शकत नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फवारणीचा गुण का येत नाही?

झाडाने मान टाकलेली दिसते तेव्हा खालचे काम उरकलेले असते. मान कुजली, रसाची वाट बंद झाली. आता पानावर काहीही मारा, ते कुजल्या जागी पोचत नाही. मेलेले खोड जिवंत करणारे औषध अजून निघालेले नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे कुठल्याही बुरशीवर कार्बेन्डाझिम वापरायची सवय लागली आहे. हे औषध काही रोगांवर चांगले आहे, याबद्दल वाद नाही. पण खोडकुजीच्या बुरशीवर त्याचा जोर फारसा चालत नाही. उलट जमिनीत जी आपल्या बाजूची बुरशी असते, ती मात्र त्याने चटकन मरते.

याचा धडा अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९७५ साली मिळाला. तिथे भुईमुगावरील टिक्क्यासाठी बेनोमिल हे बुरशीनाशक फवारले जाई. बेनोमिल जमिनीत गेले की त्याचे कार्बेन्डाझिमच होते. संशोधकांना असे आढळले, की टिक्का आटोक्यात आला पण बेनोमिल मारलेल्या शेतात खोडकूज वाढली. कारण असे दिले गेले, की त्या औषधाने जमिनीतली ट्रायकोडर्मा ही बुरशी दडपली, आणि स्क्लेरोशियमला रान मोकळे मिळाले. राखणदाराला बांधून ठेवले तर चोराचे फावणारच.

तो राखणदार कोण, हे आता पाहू.

काट्याने काटा काढणारी बुरशी

ट्रायकोडर्मा ही कोणी परदेशातून आणलेली चीज नाही. ती आपल्या शेतात, कुजणाऱ्या लाकडावर, पालापाचोळ्यात मुळातच असते. वाढताना पांढरी दिसते, आणि तीन-चार दिवसांत बीजाणू धरले की हिरवीगार होते. तिचा स्वभाव असा, की ती मेलेल्या सेंद्रिय पदार्थावर जगते आणि जोडीला दुसऱ्या बुरशांनाही खाते.

हे खाणे प्रथम नीट पाहिले ते वाइंडलिंग या संशोधकाने. कॅलिफोर्नियात काम करताना १९३२ साली त्याने दाखवून दिले, की ट्रायकोडर्माचे तंतू रोपे मारणाऱ्या ऱ्हायझोक्टोनिया बुरशीच्या तंतूंना वेलीसारखा विळखा घालतात आणि त्यांचा नाश करतात. पुढे अभ्यासातून तिचे काम चार प्रकारे चालते असे दिसून आले.

पहिले, ती भराभर वाढून जागा आणि अन्न आधी बळकावते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तसेच हे. दुसरे, शत्रूच्या तंतूला विळखा घालून, त्याची भिंत विरघळवणारे रस सोडून ती त्याला आतून पोखरते. मोहरीसारख्या कणांतही ती शिरते. तिसरे, ती काही विषारी द्रव्ये तयार करते, त्यांनी शत्रूची वाढ खुंटते. चौथे, ती झाडाच्या मुळाच्या बाहेरच्या थरात वस्ती करते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते.

खोडकुजीवर तिचा उपयोग होतो याचा पुरावा १९७२ मध्ये जॉर्जिया राज्यातून पुढे आला. तिथल्या संशोधकांनी गवताच्या बियांवर ट्रायकोडर्मा हार्झियानम वाढवून मातीत मिसळली. हरितगृहात भुईमूग आणि टोमॅटो, तर शेतात टोमॅटो, खोडकुजीपासून वाचला. यानंतर १९७५ मध्ये अलाबामात भुईमुगाच्या शेतात मोठ्या प्रमाणावर वापरता यावी म्हणून तिचे खडे तयार केले गेले. ते खडे कशात भिजवले होते, ठाऊक आहे? मोलॅसिसच्या पाण्यात! आपल्या कारखान्याच्या टाकीत जे साठते, त्याच मोलॅसिसवर ही बुरशी पोसली गेली होती. ऊस आणि ट्रायकोडर्मा यांचे नाते असे जुने आहे.

खाडीपलीकडचे काम

नवी मुंबईला वाशीच्या दाणा मार्केटात आपल्यापैकी कोणी ना कोणी कधीतरी गेलेला असतो. वाशीहून पुलावरून मुंबईकडे निघाले की डाव्या हाताला, खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणूचे नाव ऐकून ते शेतकऱ्याचे नव्हे असे वाटेल. पण टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण ज्यांनी पेरला, त्यांचा या केंद्राशी आधीच परिचय झालेला आहे. त्या नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. हा वाण १९९१ साली प्रसारित झाला.

याच केंद्रात डॉ. प्रसून मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्मा व्हायरेन्स या जातीवर काम केले. निरनिराळ्या गुणांचे भुईमूग मिळवण्यासाठी बियांवर गॅमा किरण सोडतात, तसेच त्यांनी या बुरशीवर सोडले. त्यातून जी नवी रूपे निघाली त्यांतले एक निवडून काढले. मूळ बुरशीपेक्षा ते शत्रूला मारणारी द्रव्ये दोन ते तीन पट तयार करते.

मग प्रश्न आला तिला वाढवायची कशावर? त्यांनी निवडले चिंचोके! होय, आपण ज्या चिंचोक्यांची खळ करतो तेच. त्यावर बुरशी वाढवून शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळली आणि बियाण्याला चोळायची पावडर बनवली. तिला 'ट्रायकोबार्क' असे नाव दिले. प्रथम मुद्दाम खोडकुजीची बुरशी भरपूर घातलेल्या मातीत हरभरा लावून परीक्षा घेतली. त्यात नव्या बुरशीने मूळ बुरशीपेक्षा जास्त रोपे वाचवली. नंतर देशात अनेक ठिकाणी, शेतकऱ्यांच्या रानांतही, हरभरा आणि मसूर या पिकांवर चाचण्या झाल्या. उगवण सुधारली, रोपांची मर घटली, उत्पादन वाढले, आणि फुलोराही सात ते दहा दिवस लवकर आला, असे त्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. सस्तन प्राणी, पक्षी व मासे यांना या पावडरीचा अपाय होत नाही, हेही तपासून पाहिले गेले.

"किरण सोडलेली बुरशी, मग ती किरणोत्सर्गी नाही का?" अशी शंका कोणाच्या मनात येईल. तशी भीती नको. उन्हात ठेवलेले गहू घरात आणले तर अंधारात चमकत नाहीत. गॅमा किरण आरपार जातात, वस्तूत उरत नाहीत. नवी मुंबईत वाशीलाच २००० साली अणुऊर्जा खात्याच्या 'ब्रिट' संस्थेचा मसाल्यांवर किरण सोडून ते निर्जंतुक करणारा प्रकल्प सुरू झाला. तसा मसाला खाल्ल्याने कोणी किरणोत्सर्गी होत नाही. इथेही तेच.

या कामातून आपण घ्यायचा बोध एवढाच, की वर सांगितलेल्या चाचण्या हरभरा व मसुरीवरच्या आहेत, आणि त्यात बुरशी बियाण्याला लावून पेरणीपूर्वी दिली गेली. रोग दिसल्यावर फवारलेली नाही. आपल्याकडे कृषि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आणि बाजारात ट्रायकोडर्मा व्हिरिडी, ट्रायकोडर्मा हार्झियानम या जाती मिळतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे.

हे औषध नव्हे, विरजण आहे

ट्रायकोडर्माचा गुण आला नाही असे सांगणारे सभासदही आहेत. बहुतेक वेळा असे दिसते, की ती औषध समजून वापरली गेली. ती औषध नव्हे. ती जिवंत आहे. दुधाला विरजण लावताना आपल्या घरातल्या बायका जे जपतात, तेच इथे जपायचे. विरजण ताजे हवे, दूध फार गरम नको, भांडे स्वच्छ हवे, आणि लावल्यावर त्याला निवांत वेळ द्यायला हवा. फाटलेल्या दुधात विरजण घालून दही होत नाही. तसेच कुजलेल्या झाडावर ट्रायकोडर्मा घालून झाड उठत नाही.

_विरजण ताजे आहे का?_ पुडा घेताना तारीख पाहा. मुदत संपलेला पुडा फुकट मिळाला तरी घेऊ नका. एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत असे सरकारी प्रमाण आहे. पुडा उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. गार, कोरड्या जागी ठेवा. शंका असेल तर घरी ढोबळ परीक्षा करता येते. थोडी ज्वारी अर्धवट शिजवा, निथळून गार करा, स्वच्छ बाटलीत घालून चिमूटभर पावडर टाका, तोंडाला कापड बांधा. चार-पाच दिवसांत काहीच उगवले नाही तर पावडर मेलेली समजा. हिरवे उगवले म्हणजे ट्रायकोडर्माच असे मात्र छातीठोक सांगता येत नाही, कारण शिळ्या भाकरीवरही हिरवी बुरशी येते. ती बाटली नंतर न हुंगता पुरून टाका.

_बियाण्याला लावणे._ एक किलो बियाण्यास पाच ग्रॅम. एकरी तीस किलो हरभरा असेल तर दीडशे ग्रॅम पावडर पुरते. गूळ घातलेल्या पाण्याचा नुसता हबका मारून बी ओलसर करा, वर पावडर टाका आणि हलक्या हाताने चोळा. भुईमुगाचे साल नाजूक असते, ते सोलले तर उगवण जाते. रायझोबियम जिवाणू लावायचे असतील तर ट्रायकोडर्मानंतर लावा. दोघांचे एकमेकांशी जमते. बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

कंपनीचे रंगीत बी घेतले असेल तर थांबा. त्याला बहुधा रासायनिक बुरशीनाशक लावलेले असते. पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचा. अशा बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे उकळत्या दुधात विरजण. तिथे बियाण्याऐवजी जमिनीत द्या.

_जमिनीत देणे._ एकरी एक ते दोन किलो पावडर, शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा प्रेसमडच्या तयार कंपोस्टात मिसळा. मुठीत दाबल्यावर लाडू होईल पण पाणी गळणार नाही, इतपत ओल करा. झाडाखाली किंवा शेडमध्ये वीतभर जाडीचा थर करून गोणपाटाने झाका. तीन-चार दिवसांनी वर-खाली करा, ओल कमी झाली तर पाण्याचा हबका मारा. दहा-पंधरा दिवसांत खतावर पांढरट-हिरवी झाक दिसू लागते. मग पेरणीच्या वेळी ते बियाण्याच्या ओळीत, ओल असताना, द्या. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या, वर माती ओढा. उघड्यावर, कडक उन्हात पसरलेली बुरशी टिकत नाही.

उसाच्या शेतात विशेष काय जपावे?

एक. उसाचे बेणे आपण कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवतो. ती बेणेप्रक्रिया चुकवू नका, उसाला ती हवीच. मात्र पिंपात उरलेले पाणी आंतरपिकाच्या ओळीत ओतू नका. बेणे सरीत जाते, भुईमूग-हरभरा वरंब्याच्या बगलेला जातो. ट्रायकोडर्माचे खत त्या बगलेलाच द्या. दोघांच्या जागा वेगळ्या राहिल्या की भांडण होत नाही. आंतरपिकावर कार्बेन्डाझिमची आळवणी तर मुळीच नको.

दोन. पाचट जाळू नका, हे आम्ही वारंवार सांगतो आणि आजही तेच सांगतो. परंतु ज्या रानात पाचट नुकतेच कुट्टी करून टाकले आहे आणि ते अजून कच्चे आहे, तिथे लगोलग भुईमूग किंवा हरभरा टोकणे म्हणजे खोडकुजीला ताट वाढून देणे होय. पाचट आधी कुजवा. युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू-बुरशी संवर्धक वापरा, ओल ठेवा. आंतरपीक घ्यायचेच असेल तर बियाण्याच्या ओळीतले कच्चे पाचट बाजूला सारा. ट्रायकोडर्मा स्वतःही पाचट कुजवण्यास मदत करते. ती आधी तिथे बसली तर शत्रूची शिदोरी तीच खाऊन टाकते.

तीन. कारखान्यातून आणलेला ताजा प्रेसमड तसाच वापरू नका. ताज्या ढिगात हात घालून पाहा, आत केवढी वाफ असते! ढीग साठ अंशांपर्यंतही तापू शकतो. त्यात मिसळलेली ट्रायकोडर्मा भाजून निघेल. प्रेसमड आधी पूर्ण कुजू द्या, निवू द्या, आणि मग विरजण लावा. कच्चा प्रेसमड पिकाच्या ओळीत गेला तर तोही खोडकुजीचे खाद्यच.

चार. आंतरमशागत करताना भुईमुगाच्या फांद्यांवर माती चढवू नका. मातीखाली गेलेली पाने कुजतात आणि खोडाशेजारीच बुरशीला घास मिळतो. भर द्यायची तर हलकी, आऱ्या सुटण्याआधी, आणि पाने उघडी ठेवून.

पाच. पाणी साचू देऊ नका, आणि जमीन भेगाळेपर्यंत तोडूही नका. कोरडे ठक्क रान आणि मग एकदम बदाबदा पाणी, हा प्रकार खोडकुजीला मानवतो. पाणी हलके आणि वेळेवर द्या.

सहा. ज्या रानात दरसाल खोडकूज दिसते, ते ऊस मोडल्यावर खोल नांगरून घ्या. वरचे कण आणि काडीकचरा तळाला गेला की बराच शत्रू हवेवाचून बसतो. मध्ये एखादे ज्वारी, मका किंवा गव्हाचे पीक घ्या.

सात. रोगट झाडे मान पकडून न ओढता, भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढा आणि जाळून टाका. ती बांधावर फेकली, उकिरड्यात टाकली, तर पुढच्या वर्षी मोहरीसारखे कण खताबरोबर सबंध शेतात आपणच पेरू.

काय होणार नाही, तेही ऐका

ट्रायकोडर्माने एका हंगामात रान निर्मळ होईल, असे आम्ही म्हणत नाही. मातीतले कण काही वर्षे टिकणारे आहेत, त्यामुळे तिला दर हंगामी द्यावे लागेल. कोरड्या, सेंद्रिय खत नसलेल्या जमिनीत ती तग धरत नाही. कारण तिलाही जेवण लागते. फ्युजॅरियमच्या मरीवर तिची मदत होते, पण तिथे मर-प्रतिकारक वाण हाच खरा आधार आहे. आणि रोप वाळू लागल्यावर तिच्याकडे धाव घेतली तर निराशाच पदरी येईल.

मग तिचा फायदा काय? दीडशे ग्रॅम पावडर, अर्ध्या दिवसाची मेहनत आणि पंधरा दिवस आधी लावलेला खताचा ढीग, एवढ्यावर पहिल्या दीड महिन्यात वाळणारी रोपे वाचवण्याची चांगली संधी मिळते. दाट, भरलेली ओळ मिळाली तर आंतरपिकाने उसाचा खर्च उचलला असे म्हणता येते. ओळीत खड्डे पडले तर बी, मजुरी आणि पाणी तिन्ही गेले, वर उसाच्या वाट्याचे खतही गेले.

एक परीक्षा आपली आपणच करून पाहावी अशी आमची सूचना आहे. यंदा सबंध रानाला न करता निम्म्याला करा. एकाच दिवशी, एकच बी, निम्म्या सऱ्यांत ट्रायकोडर्मा लावून आणि निम्म्यांत न लावता. पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडच्या दहा-दहा ओळींतली मेलेली रोपे मोजा आणि वहीत लिहून ठेवा. ती वही गट कार्यालयात आणून दाखवा. दहा सभासदांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर आपल्या कार्यक्षेत्रातल्या काळ्या रानात, मुरमाड रानात आणि चोपण रानात कुठे किती गुण येतो, हे आपल्याच मातीवरून कळेल. बाहेरून आलेल्या शिफारशीपेक्षा ते आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

हरभऱ्याची पेरणी जवळ आली की घाई होते. म्हणून ढीग आजच लावा. विरजण रात्री लावले तरच सकाळी दही मिळते.

आपला,
शेतकी विभाग